बाई, एकीला जाऊ?

गणपती नुकतेच गेले होते. पाचवीच्या वर्गात दुसऱ्या बाकावरचा मुलगा एकाच तासात तिसऱ्यांदा करंगळी वर करून उभा राहिला. "बाई, एकीला जाऊ?" अशा वेळी शिक्षक काय म्हणतात हे शाळेत गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे. मीही तेच म्हणाले, "बस खाली. आत्ताच जाऊन आलास ना?" पोरं हसली. तो बसला. त्या आठवड्यात मी त्याला असं किती वेळा बसवलं ते मोजलं नाही. एकदा त्याची चड्डी ओली झाली आणि तेव्हाही माझ्या मनात पहिला विचार आला तो फरशी कोण पुसणार हा.

घरून आणलेली बाटली तो परिपाठ संपायच्या आत रिकामी करायचा आणि मग शेजाऱ्याच्या बाटलीवर डोळा. जूनमध्ये अंगाबरोबर बसणारा गणवेश आता खांद्यावरून घसरत होता. खिचडी दोनदा मागून घ्यायचा आणि दुपारच्या सत्रात बाकावर डोकं टेकून झोपायचा. खूप तहान, खूप लघवी, खाऊनही उतरणारं वजन, सततचा थकवा. टाइप १ मधुमेहाची ही चार ठळक लक्षणं माझ्यासमोर तीन आठवडे रोज सहा तास बसलेली होती, आणि मी त्यांना खोड्या समजत होते.

मग तो दोन दिवस आला नाही. पोटात दुखतंय, उलट्या होताहेत. गावातल्या डॉक्टरांनी पित्त म्हणून इंजेक्शन दिलं, अशक्तपणा आहे म्हणून सलाईन लावली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरगा भात्यासारखा श्वास घ्यायला लागला. दम लागला असेल म्हणून वाफ दिली. जिल्ह्याच्या गावी पोचेपर्यंत त्याची शुद्ध हरपत आली होती आणि रक्तातली साखर पाचशेच्या वर होती. तो वाचला, हे आधीच सांगते. सगळेच वाचत नाहीत.

या गोष्टीत दोष कुणाचा, यावर स्टाफरूममध्ये बरीच चर्चा झाली. डॉक्टरांवर खापर फोडणं सोपं होतं आणि आम्ही ते फोडलंही. पण डॉक्टरांनी त्याला पाहिलं ते शेवटच्या दोन दिवसांत. त्याआधीचे तीन आठवडे तो माझ्याकडे होता. म्हणून मी हा लेख शाळेच्या बाजूने लिहिते आहे. माझं म्हणणं असं की टाइप १ मधुमेह झालेल्या मुलाचं बरं-वाईट दवाखान्यात जितकं ठरतं त्याहून जास्त शाळेत आणि स्वयंपाकघरात ठरतं. यातलं स्वयंपाकघर आपण बिनदिक्कत आईच्या गळ्यात घातलं आहे आणि शाळेला मात्र मोकळं सोडलं आहे. शाळेला हे बांधून द्यायला हवं, लेखी, शासन निर्णयानं, कुणाच्या चांगुलपणावर न सोडता.

आधी आजाराविषयी, कारण गैरसमज तिथूनच सुरू होतात. आजोबांना साठीत झालेला मधुमेह आणि नातवाला दहाव्या वर्षी झालेला मधुमेह यांचं नाव एक असलं तरी प्रकृती वेगळी. आजोबांच्या अंगात इन्सुलिन तयार होतं, ते पुरत नाही किंवा नीट लागू पडत नाही. नातवाच्या शरीराची संरक्षण यंत्रणाच चुकून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्या नष्ट करते. गोड खाण्याशी याचा काडीचा संबंध नाही. आईच्या डोहाळ्यांशी नाही, दृष्ट लागण्याशी नाही. बहुतेक मुलांच्या घरात आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणालाच हा आजार नसतो. इन्सुलिन नसेल तर साखर रक्तात साचते, पेशींत शिरत नाही. धरण तुडुंब भरून सांडव्यावरून पाणी वाहून चाललंय आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाचं शेत मात्र कोरडं, तसंच काहीसं. तो सांडवा म्हणजे मुलाची लघवी. उपाशी राहिलेलं शरीर मग स्वतःची चरबी जाळायला घेतं, त्यातून रक्तात आम्ल वाढतं, आणि त्या आम्लामुळे पोटदुखी, उलट्या, तो भात्यासारखा श्वास. अशा मुलाला पित्त आहे, अपेंडिक्स आहे, न्यूमोनिया आहे असं समजणं सहज घडतं. त्यात अशक्तपणावर म्हणून ग्लुकोजची सलाईन लागली तर आगीत तेलच. आणि हे सगळं टळण्यासाठी लागतो बोटातून काढलेला रक्ताचा एक थेंब, एक पट्टी आणि एक मिनिट.

इटलीतल्या पार्मा प्रांतात १९९१ पासून शाळाशाळांत आणि बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत एक साधं पोस्टर लावलं गेलं. पूर्वी अंथरूण ओलं न करणारं मूल पुन्हा ओलं करायला लागलं, फार पाणी प्यायला लागलं, वजन उतरलं, तर साखर तपासा, एवढाच त्याचा आशय. मोहिमेआधी त्या भागात नव्याने मधुमेह झालेल्या मुलांपैकी ७८ टक्के मुलं रक्तात आम्ल चढलेल्या गंभीर अवस्थेत दवाखान्यात पोचत होती. काही वर्षांत ते प्रमाण १२.५ टक्क्यांवर आलं. औषध तेच आणि डॉक्टरही तेच होते, बदललं होतं ते शाळेच्या भिंतीवरचं पोस्टर आणि डॉक्टरांच्या टेबलावर आलेलं साखर तपासायचं यंत्र.

आमच्या शाळेच्या भिंती काही रिकाम्या नाहीत. हात धुण्याच्या सात पायऱ्या आहेत, जंतनाशक गोळीचा दिवस आहे, डेंग्यूचा डास तर तीन ठिकाणी आहे. त्यात आणखी एक कागद लावायला जागा आहे.

आता कुणी म्हणेल, शाळेत मुलांची आरोग्य तपासणी होतेच की. होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, आणि मी त्या पथकांना नावं ठेवणार नाही. आमच्या शाळेतल्या एका मुलीचं हृदयाचं छिद्र त्यांनीच शोधलं. पण त्या कार्यक्रमाच्या मूळ यादीत जे तीस आजार होते त्यात जन्मजात बहिरेपण होतं, दातांची कीड होती, आकडी होती, दमा होता, टाइप १ मधुमेह नव्हता. दुसरीकडे मधुमेहाचा जो राष्ट्रीय कार्यक्रम आहे त्याची घरोघरी तपासणी वयाच्या तिसाव्या वर्षापासून सुरू होते. म्हणजे मुलांच्या यादीत मधुमेह नाही आणि मधुमेहाच्या यादीत मुलं नाहीत. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२१ मध्ये केलेल्या अंदाजानुसार वीस वर्षांखालच्या टाइप १ रुग्णांची सर्वांत मोठी संख्या भारतात आहे, सव्वादोन लाखांच्या पुढे. एवढी मुलं दोन सरकारी तक्त्यांच्या मधल्या फटीत उभी आहेत.

अर्थात नुसतं यादीत नाव घातल्याने भागणार नाही. हा आजार काही आठवड्यांत उफाळतो. वर्षातून एकदा येणारं पथक त्याला गाठेलच असं नाही, उलट न गाठण्याचीच शक्यता जास्त. रोज हजेरी घेणारा माणूसच ते ओळखू शकतो. यादीत नाव हवं ते पुढच्या गोष्टीसाठी: निदान झाल्यावर उपचाराची जबाबदारी कुणाची हे ठरावं म्हणून.

उपचार म्हणजे काय, हे त्या मुलाच्या आईकडून मी शिकले. रोज तीन-चार वेळा इन्सुलिन, जन्मभर. त्याआधी आणि मधेही बोट टोचून साखर बघायची. किती भाकरी खाणार त्यावर किती युनिट हे ठरवायचं. सुट्टीत खो-खो खेळणार असेल तर कमी, ताप असेल तर बहुधा जास्त, पण बंद कधीच नाही. डॉक्टर तीन महिन्यांतून एकदा, वीस मिनिटं भेटतात. उरलेले सगळे निर्णय ती घेते, सातवीपर्यंत शिकलेली बाई. दवाखान्यातून तिला जे माहितीपत्रक मिळालं होतं त्यात पाव, सफरचंद आणि पास्ता यांतले कर्बोदकांचे ग्रॅम दिले होते, तेही इंग्रजीत. तिच्या घरात पास्ता कशाला येईल? तिने वाटी धरली. एक वाटी भातात साधारण तीस ग्रॅम, एका मध्यम चपातीत पंधरा ते वीस, भाकरी थापणाऱ्या हाताप्रमाणे बदलते म्हणून पीठच मोजून घ्यायचं. हे तिला एका परिचारिकेने तोंडी सांगितलं. आषाढी एकादशीच्या साबुदाणा खिचडीने साखर का चढली, हे मात्र तिने स्वतः शोधून काढलं. आमच्याकडे उपवासाचं म्हणजे हलकं अशी समजूत, आणि साबुदाणा तर निव्वळ पिष्ट.

आणखी एक बारकावा, जो मला फार भीतीदायक वाटतो. आपल्याकडे इन्सुलिनची स्वस्त बाटली येते ती एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटची. इन्सुलिन टोचायच्या पेनची काडतुसं येतात १०० युनिटची. दोन्हींच्या सिरिंजा वेगळ्या, चाळीसच्या सिरिंजचं टोपण लाल आणि शंभरच्या सिरिंजचं केशरी. पेनच्या काडतुसातलं इन्सुलिन घाईत लाल टोपणाच्या सिरिंजने काढलं तर खुणा तेवढ्याच दिसतात आणि डोस जातो अडीचपट. दुकानदार बदलला, यात्रेला गेलो आणि पेन घरी राहिलं, मामाच्या गावी दुसरीच बाटली मिळाली, की अशी चूक व्हायला वेळ लागत नाही. या रंगांचा तक्ता मराठीत छापून प्रत्येक औषधाच्या दुकानात लावायला किती खर्च येईल?

खर्चाचंच बोलायचं तर साखर तपासायची एक पट्टी पंधरा-वीस रुपयांना पडते. दिवसाला चार धरल्या तर महिन्याला अठराशे ते चोवीसशे रुपये, नुसतं बोट टोचून बघण्याचे. शेतमजुरीवरच्या घरात चारच्या दोन होतात, दोनाची एक, आणि मग 'बरं वाटत नसेल तेव्हाच' बघायची पद्धत पडते. राज्याच्या जनआरोग्य योजनेतून भरती होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी पैसे मिळतात. भरती होण्याची वेळ येऊ नये म्हणून रोज लागणारी पट्टी मात्र ज्याची त्याने घ्यायची. केरळ सरकारने या मुलांसाठी स्वतंत्र योजना काढली आहे, तिचं नावच 'मिठाई'. आपल्याकडे हे काम नागपुरात ड्रीम ट्रस्टने, छत्रपती संभाजीनगरला उडानने, म्हणजे डॉक्टरांनी स्वतःच्या पुढाकाराने उभ्या केलेल्या संस्थांनी अंगावर घेतलं आहे. त्यांच्याविषयी आदरच आहे. पण नागपूरपासून दूर राहणाऱ्या मुलाचं आयुष्य नागपुरात कुणीतरी भला डॉक्टर आहे यावर अवलंबून असू नये, एवढं तरी म्हणता यावं.

घर आणि दवाखाना यांच्यामध्ये शाळा येते. साडेदहा ते पाच. दुपारच्या जेवणाआधीचं इन्सुलिन याच वेळेत, खेळाचा तास याच वेळेत, आणि साखर एकदम खाली जाण्याचा धोकाही याच वेळेत. साखर सत्तरच्या खाली गेली की मूल थरथरतं, घाम येतो, चिडतं, असंबद्ध बोलतं, कधी नुसतंच शून्यात बघत बसतं. मुलाला गिळता येत असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, बस्स. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना. हे सांगायला मला तुमचं अर्धं मिनिटही लागलं नाही. तरीही शाळांचं उत्तर ठरलेलं असतं: "आम्ही जबाबदारी घेऊ शकत नाही."

त्या मुलाच्या बाबतीत सुरुवातीला आमच्याकडेही तेच झालं. सुई वर्गात आणायची नाही. पालकांनी लिहून द्यावं की काही झाल्यास शाळा जबाबदार नाही. वर्गात खाता येणार नाही, बाकीची मुलं पण मागतील. सहलीला नेणार नाही. मग आई रोज दुपारी सव्वाला कामावरून उठून यायची, व्हरांड्याच्या टोकाला त्याला सुई द्यायची आणि परत जायची. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडायची. दोन महिन्यांनी मुकादमाने तिला घेणंच बंद केलं. सव्वाची घंटा ऐकली की आता मला ती आठवते, पदराखाली डबी धरून फाटकाशी उभी असलेली. आम्ही तिला साधं आत बसायलाही सांगितलं नव्हतं.

शिक्षकांची बाजू मला ठाऊक आहे, मी त्यांच्यातलीच. जनगणना आमच्याकडे, मतदार याद्या आमच्याकडे, खिचडीचा हिशेब आमच्याकडे, रोज नवी ऑनलाइन माहिती भरायची तीही आमच्याकडे. त्यात आता सुया? शिवाय उद्या काही झालं तर वर्तमानपत्रात नाव शिक्षकाचंच येणार. हा राग खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं.

पहिली गोष्ट, शिक्षकाने सुई टोचावी असं कुणी म्हणत नाही. नऊ-दहा वर्षांचं मूल थोड्या देखरेखीत स्वतः टोचून घेऊ शकतं, कित्येक घेतात. त्याला हवी असते स्वच्छ जागा आणि कुणाची तरी नजर. शाळेने करायचं ते इतकंच: तहान, लघवी, तपासणी आणि खाऊ यांसाठी त्याला परवानगी मागावी लागू नये, साखर खाली गेल्याची लक्षणं प्रत्येक शिक्षकाला आणि खिचडी शिजवणाऱ्या ताईंनाही माहीत असावीत, आणि वर्गाच्या कपाटात साखरेची डबी असावी. दुसरी गोष्ट जबाबदारीची. आज शिक्षक घाबरतो कारण काहीच लिहिलेलं नाही. काय करायचं हे डॉक्टरांच्या सहीने, पालकांच्या संमतीने एका कागदावर असेल आणि त्याप्रमाणे वागणाऱ्या शिक्षकाला शासन निर्णयाचं संरक्षण असेल, तर घाबरायचं कारण राहत नाही. पालकांकडून घेतलेलं ते 'शाळा जबाबदार नाही'चं हमीपत्र खरं तर कुणालाच वाचवत नाही, मुलाला तर नाहीच. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने आजारी मुलांना शाळेत आधार देणं शाळांवर बंधनकारक केलं. आपल्याकडे राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना पत्र लिहून या मुलांना वर्गात साखर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधला खाऊ खाऊ द्या असं सांगितलं आणि उत्तर प्रदेशाने त्याच वर्षी तसे आदेश काढले. सीबीएसईने तर २०१७ मध्येच बोर्डाच्या परीक्षेत या मुलांना फळ, खाऊ, पाण्याची बाटली आत न्यायची मुभा दिली होती. पण पत्र आणि नियम यांत फरक असतो. पत्र मुख्याध्यापकांच्या फाइलला लागतं. नियमाची तपासणी होते.

मग या मुलांना दिव्यांग म्हणून मान्यता द्यावी का, असा प्रश्न निघतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल आहेत, टाइप १ मधुमेह नाही. काही पालकांना ही मान्यता हवी आहे, काहींना 'दिव्यांग' या शब्दाचाच धसका आहे. माझं मन यावर अजून पुरतं ठरलेलं नाही. मला एवढंच दिसतं की पाणी प्यायला आणि लघवीला जायला प्रमाणपत्र लागावं ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. दाखल्यासाठी पालकांना जिल्ह्याच्या फेऱ्या मारायला लावण्याआधी शाळेचा नियम व्हावा, तो डॉक्टरांच्या साध्या चिठ्ठीवर चालावा.

घरच्यांबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर हा सगळा लेख शिक्षणखात्याला लिहिलेला अर्ज वाटेल. इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांत कित्येक मुलांची गरज एकदम कमी होते, कारण उरल्यासुरल्या पेशी थोड्या काळासाठी पुन्हा काम करू लागतात. डॉक्टर याला मधुचंद्राचा काळ म्हणतात. नाव जरा विचित्रच, दहा वर्षांच्या पोराच्या बाबतीत. नेमक्या याच काळात कुणी पाहुणा एखाद्या वैद्याचा, महाराजाचा पत्ता आणतो. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, कुठलातरी काढा. आणि काय आश्चर्य, साखर खरंच खाली येते! इन्सुलिन दोन युनिटवर येतं. "बघा, गुण आला," म्हणत सुई बंद होते. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्या पेशीही संपतात आणि मूल पुन्हा आयसीयूत. मी या लोकांना मूर्ख म्हणणार नाही. पोराला दिवसातून चार वेळा टोचणाऱ्या आईला कुणी सुई सुटेल असं सांगितलं तर ती ऐकणारच. म्हणूनच हा काळ येणार आहे आणि तो फसवा आहे, हे तिला पहिल्याच दिवशी सांगायला हवं. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. एसटी स्टँडच्या भिंती वाचल्या तर त्या कायद्याचं काय झालं ते कळतं.

इन्सुलिनचा पहिला यशस्वी उपचार झाला तो एका मुलावरच. टोरांटोत जानेवारी १९२२ मध्ये, चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनवर. त्याआधी या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून मरण लांबवत, एवढाच उपचार होता. लेनर्ड पुढे तेरा वर्षं जगला. इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेटंट विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. शंभर वर्षांपूर्वी ज्या मुलाला जगवायला एवढे लोक झटले, त्याच आजाराच्या मुलाला आज आम्ही व्हरांड्यात उभं करतो.

वयात येताना आणखी पेच पडतो. या काळात शरीरात होणाऱ्या बदलांमुळे इन्सुलिनची गरज वाढते, साखर विनाकारण चढते, आणि घरी पहिला आरोप होतो, "चोरून काय खाल्लंस?" खरंच काही खाल्लेलं नसलेल्या मुलाला हे रोज ऐकावं लागलं की ते एक दिवस खरंच खातं, किंवा वहीत खोटे आकडे लिहायला लागतं. आकडा विचारताना आवाज कसा आहे हे मुलं बरोबर ओळखतात, आकड्याच्या आधी. मुलींचं आणखी वेगळं. इन्सुलिन चुकवलं की वजन उतरतं, हे काही मुलींना कळतं आणि त्या मुद्दाम चुकवतात. आणि सगळ्यावर कडी म्हणजे लग्न. माझ्या ओळखीच्या एका घरात मुलीच्या मधुमेहाची गोष्ट सख्ख्या चुलत्यांपासूनही लपवलेली आहे. ती लग्नकार्यात पंगतीला बसण्याआधी बाथरूममध्ये जाऊन सुई घेते. उद्या तिथेच साखर खाली जाऊन पडली तर काय झालं हे कुणाला कळणार? नीट उपचार घेणारी मुलगी शिकते, नोकरी करते, तिला मुलंही होतात. लपवण्याची ही रीत तिला तिच्या आजारापेक्षा जास्त धोक्यात घालते. आणि ती रीत सुरू कुठे होते, तर शाळेत, जेव्हा आपण मुलाला सांगतो की हे सगळ्यांसमोर करायचं नाही.

आमच्या वर्गात हे बदललं त्याचं श्रेय मला घेता येणार नाही. त्याच्या आईची मजुरी सुटल्यावर मी शरमेने त्याच्या घरी गेले, आणि त्याच्या आईने मला चहा देऊन वहीचं पान फाडून हातात दिलं. तिच्या अक्षरात, आठ ओळी. साखर कमी झाल्यावर तो कसा दिसतो, कसा बोलतो, काय द्यायचं, किती द्यायचं, कुणाला फोन करायचा. मी ते पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. त्याने एकदा सगळ्या वर्गासमोर बोट टोचून दाखवलं. अर्धी पोरं ओरडली, उरलेल्यांनी आपलीही तपासून मागितली, आणि आठवड्याभरात कुणाचं लक्षही जाईना. पुढे दोन वर्षांत त्याची साखर शाळेत पाच-सहा वेळा खाली गेली. त्यातल्या तीन वेळा माझ्याआधी त्याच्या शेजारच्या मुलीने ओळखलं. "बाई, हा बघा कसं बोलतोय," म्हणून तिनेच डबी काढली. एकदा मी मात्र चुकले होते. त्याला घाम आलेला पाहून "जा, ऑफिसात जाऊन बस" म्हणाले, आणि तो जिन्यात बसलेला सापडला. त्या पानावर सातवी ओळ नेमकी तीच होती: त्याला एकटं कुठे पाठवू नका, जागेवरच साखर द्या.

तो आता तालुक्याच्या हायस्कूलला आहे. जाताना मी त्या पानाची झेरॉक्स काढून त्याच्या आईकडे दिली. परवा बाजारात भेटली तेव्हा विचारलं, तर म्हणाली, नव्या शाळेत कुणी घेतली नाही, त्यांचा तसा काही फॉर्म नसतो म्हणे.